६७ खासदारांना, साक्रीच्या बसस्टँडसमोरून

महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले ४८ आणि राज्यसभेवर असलेले १९ अशा सर्व खासदारांस,

सप्रेम नमस्कार.

साक्रीच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. २००६ साली सायबर कॅफे म्हणून चालू केलं, तेव्हा दहावीच्या निकालाला रस्त्यापर्यंत रांग लागायची. आता पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म’ असं आहे. नेट प्रत्येकाच्या खिशात आलं, पण रांग काही हटली नाही. आधार अपडेट, पीक विमा, पोराची शिष्यवृत्ती, नाहीतर नुसतंच ‘भाऊ, मना फोनमा काय उनं, दख बरं’. या तालुक्यात इंटरनेट म्हणजे नेमकं काय हे रोज सकाळी ९ ते रात्री ८ माझ्या काउंटरवर दिसतं. तेवढ्या अधिकाराने हे पत्र लिहितोय. तुमच्यापैकी कुणा एकावर किंवा एका पक्षावर माझा राग नाही. यातले काही कायदे आधीच्या सरकारचे आहेत, काही आताच्या.

निमित्त झालं २८ नोव्हेंबर २०२५ च्या दोन आदेशांचं. दोन्ही दूरसंचार विभागाचे. पहिल्यात म्हटलं होतं की यापुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ ॲप कंपनीनेच आधी टाकून द्यावं आणि त्याच्या सुविधा बंद करता येऊ नयेत. देशभर आरडाओरड झाली. मग मंत्री म्हणाले, नको असेल त्याने ॲप काढून टाकावं. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली. ॲप वाईट नाही हो. हरवलेला फोन बंद करायला मी स्वतः गिऱ्हाइकांना ते टाकून दिलंय. पण काढता येतं की येत नाही, हे आदेश काढणाऱ्यांचं आपसात ठरलेलं नसावं?

दुसऱ्या आदेशाचा गाजावाजा कमी झाला, आमच्याकडे खरा घोर त्याचाच आहे. ज्या नंबरवर व्हॉट्सॲप आहे ते सिम त्याच फोनमध्ये असलंच पाहिजे आणि संगणकावरचं व्हॉट्सॲप दर सहा तासांनी आपोआप बंद झालं पाहिजे, असा तो आदेश. कंपन्यांना ९० दिवसांची मुदत दिली. हेतू फसवणूक थांबवण्याचा आहे आणि तो योग्यच आहे, कारण आपल्याकडचा नंबर वापरून परदेशात बसलेले लोक इथल्या माणसांना लुटतात. माझ्या दुकानाचं म्हणाल तर लोक कागद व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मी प्रिंट काढतो. दिवसातून दोनदा क्यूआर पुन्हा स्कॅन करावा लागला तर माझं काही अडत नाही.

पण माळमाथ्यावरच्या आणि पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरच्या घरांत काय चालतं ते ऐका. घरात सिम एक, फोन दोन. सिम असतं बापाच्या बटणाच्या फोनमध्ये, कारण त्याची बॅटरी चार दिवस टिकते आणि मुकादमाचा फोन त्यावरच येतो. व्हॉट्सॲप असतं पोरीच्या फुटक्या काचेच्या स्मार्टफोनमध्ये. एकदा ओटीपी घेतला की पुढे शेजारच्याच्या हॉटस्पॉटवर चालतं. कॉलेजच्या नोटिसा, आश्रमशाळेचा ग्रुप, सगळं त्यावरच. ही जुगाड नाही, ही आमची रीत आहे. आदेश अक्षरशः पाळला गेला तर त्या पोरीने बापाला सांगायचं की तुमचं सिम काढून मला द्या. ‘एका घरात किती सिम, किती फोन’ हा साधा प्रश्न तुमच्यापैकी कुणी समितीत, सभागृहात किंवा मंत्र्यांच्या दारात जाऊन विचारला होता का?

माझी तक्रार इथून सुरू होते, आणि ती जुनी आहे.

१ जुलै २०१८. रविवार होता. आमच्याच तालुक्यात राईनपाड्याच्या बाजारात पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. त्याआधी काही दिवस ‘आपल्या भागात टोळी आली आहे, पोरं सांभाळा’ असा मेसेज माझ्या दुकानाच्या फोनवरही आला होता. मी तो दोन ग्रुपांवर पुढे पाठवला. काळजीपोटीच पाठवला. त्या मेसेजचा आणि त्या बाजाराचा थेट संबंध होता की नव्हता हे मला कधीच कळणार नाही, पण जुलै उजाडला की ते दोन निळे टिक डोळ्यांपुढे येतात. म्हणून ‘इंटरनेटला हात लावू नका’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. लावा हात. पण नाडी कुठे लागते ते बघून लावा.

राईनपाड्यानंतर सरकारने व्हॉट्सॲपला पत्रं पाठवली. कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझ्या मते त्या सगळ्या गदारोळातलं सर्वांत कामाचं पाऊल तेच, कारण मेसेज पसरण्याचा वेगच त्याने कमी केला. पण २०२१ च्या आयटी नियमांत आपण काय घातलं? मेसेज ‘सर्वांत आधी कुणी पाठवला’ ते कंपनीने शोधून द्यायचं. मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही, कंपनीलाही नाही, अशी ती कुलपं बनवलेली आहेत. पहिला पाठवणारा शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागणार. व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. बरं, पहिला पाठवणारा सापडला असता तरी काय झालं असतं? त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक कराचीत बनलेल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता. तिच्या उगमाचा माग काढत साक्री पोलिसांनी कराचीला जायचं का? त्या दिवशी राईनपाड्याला गरज होती ती वेळेवर पोचणाऱ्या गाडीची, आणि गावागावांत दवंडी पिटून ‘ही अफवा आहे’ सांगणाऱ्या कुणाची तरी.

ही खोड त्याही आधीची. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा, म्हणजे मेसेजच्या याच कुलपांविषयीचा, मसुदा काढला होता. आपण पाठवलेले मेसेज सामान्य माणसाने साध्या, वाचता येईल अशा रूपात ९० दिवस जपून ठेवायचे, पोलिसांनी मागितले की दाखवायचे! मला आमच्या आईचा फोन आठवला. तिचा अर्धा फोन ‘शुभ सकाळ’च्या फुलांनी भरलेला असतो. ते जपून ठेवायचे? दोन दिवसांत मसुदा मागे घेतला, चांगलं केलं. तो लिहिला जात असताना त्या दालनात व्हॉट्सॲप वापरणारं एकही माणूस नव्हतं का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता माझ्या गुरुजींची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीच्या मागण्यांना अर्थ नाही.

सातवीत मला गणित शिकवलेले गुरुजी. वय ७४. त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागे बोधचिन्ह. ‘तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॉल तोडायचा नाही, कुणाला सांगायचं नाही.’ दोन दिवस गुरुजी कॉल चालू ठेवून जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले आणि पासबुकाची झेरॉक्स मागितली. मी विचारलं, ‘गुरुजी, तब्येत बरी ना?’ ते नुसते हसले. खिशात फोन चालू होता. पलीकडचा माणूस माझं बोलणं ऐकत होता. मी एक रुपया घेतला नाही आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. तासाभरात बँकेतून ४ लाख ८० हजार गेले. मुदतठेव मोडून, आरटीजीएसने. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने विचारलं नाही की म्हातारा माणूस एकाएकी परराज्यातल्या खात्यात एवढी रक्कम का पाठवतोय. आम्ही पोलिसांत गेलो तर उत्तर मिळालं, सायबरचं असेल तर जिल्ह्याला जा. धुळ्याला पोचेपर्यंत पैसे पाच-सहा खात्यांतून पसार झाले होते.

पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. ‘रुको, सोचो, एक्शन लो.’ मध्यंतरी फोन लावला की आधी सावधानतेची टेपही ऐकू यायची. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. हे सगळं ठीक आहे. पण पैसा पळतो ती वाट कुठली, ते इथे आमच्यासारख्यांना दिसतं. चौकात एक जण येतो, कॉलेजच्या पोरांना म्हणतो, ‘तुझ्या नावाने खातं काढ, पासबुक, एटीएम आणि सिम मला दे, तीन हजार घे.’ याला आमच्याकडे खातं भाड्याने देणं म्हणतात. माझ्याकडे आधारच्या झेरॉक्सला आलेल्या दोन पोरांना मी हाकललंय, तिसरा दुसऱ्या दुकानात गेला असेल. चोर परदेशात असो की कुठे, त्याला पैसे काढायला इथलंच खातं लागतं. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी ती. तिथे बँकेची जबाबदारी किती, किती तासांत रक्कम गोठवायची, चुकली तर भरपाई कुणी द्यायची, यावर तुमच्यापैकी कितीजण बोललात? सहा तासांनी व्हॉट्सॲप वेब बंद केल्याने गुरुजी वाचले असते असं मला तरी वाटत नाही.

ऑनलाइन गेमिंगचंही तेच. रमीत मोटरसायकल घालवलेली पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे पैशाच्या खेळांवर बंदी आली याचा मला आनंदच झाला. (महिनाभर आधी आपल्या विधान परिषदेतला एक रमीचा व्हिडिओ गाजला होता. त्यावर मी काही बोलत नाही.) पण २० ऑगस्ट २०२५ ला विधेयक लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. आमच्या ग्रामसभेत हातपंपाच्या दुरुस्तीवर याहून जास्त चर्चा होते. आता तीच पोरं टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून खेळतात आणि पैसे भरतात ते पुन्हा कुणाच्या तरी भाड्याच्या खात्यात. या वाटेचा विचार कायद्यात किती केला, हे विचारायला सभागृहात वेळच उरला नाही.

घाईचा इतिहास तसा मोठा आहे. नेटवर ‘आक्षेपार्ह’ काही लिहिलं की गुन्हा ठरवणारं आयटी कायद्यातलं कलम ६६अ डिसेंबर २००८ मध्ये गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं. चार वर्षांनी त्याचा फटका बसला तो पालघरच्या दोन तरुण मुलींना. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या आणि दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. तरी ठाण्यांमध्ये ते लावलं जातच राहिलं. २०२१ मध्ये हे न्यायालयापुढे आलं तेव्हा न्यायमूर्तींनीही धक्का बसल्याचं म्हटलं, आणि रद्द झाल्यानंतरच्या त्या गुन्ह्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारनेच ठरवायचं, असा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द करावा लागला. दरवेळी कोर्टानेच सांगायचं असेल तर ६७ जण कशाला पाठवायचे?

वेबसाइट बंद करण्याचा कारभार तर विचारूच नका. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या एटीएसच्या (दहशतवादविरोधी पथकाच्या) मागणीवरून ३२ साइट बंद झाल्या, त्यात गिटहब होती. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती जागा. एखाद्या पानावर आक्षेपार्ह मजकूर असेल म्हणून अख्ख्या जिल्हा ग्रंथालयाला टाळं लावावं तसं झालं. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची साइट महिनोन्महिने उघडत नव्हती. लग्नाच्या डीव्हीडी लावायला माझ्या प्रत्येक संगणकात तो प्लेअर आहे. मी आधी माझ्या ब्रॉडबँडवाल्याशी भांडलो, मग राउटर बदलला, १,४०० रुपये घातले. नोव्हेंबरात साइट चालू झाली. का बंद होती, हे आमच्यासारख्यांना कुणी सांगितलं नाही. बंदीच्या आदेशांबाबत गोपनीयता पाळायची असा २००९ चा नियमच आहे.

आणि नेटबंदी. जून २०२३ मध्ये कोल्हापूर, ऑक्टोबरअखेर बीड. दंगल किंवा जाळपोळ पेटली की पहिला हात स्विचवर. तिथल्या माझ्या व्यवसायबंधूंकडून ऐकलं, अंगठा लावून निराधारचे पैसे काढायला आलेल्या आजीबाई रिकाम्या परत गेल्या. जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं की असे आदेश जाहीर केलेच पाहिजेत. तुमच्याच संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात म्हटलंय की देशात नेट कधी, कुठे, किती वेळ बंद झालं याची नोंदच केंद्र ठेवत नाही. ज्याची नोंद नाही त्याचा उपयोग होतो की नाही, हे कसं ठरवता?

शेवटचं, माझ्या संगणकाच्या ‘डाउनलोड’ फोल्डरबद्दल. त्यात आज, हे लिहिताना, ३१२ आधारकार्डं आहेत. शिवाय पासबुकं, जातीचे दाखले, एका बाईंचा सोनोग्राफीचा अहवाल. दर शनिवारी मी पुसतो, पण ते माझ्या मनाने. डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समिती, मग संयुक्त समिती, तिने सुचवलेल्या ८१ दुरुस्त्या, अशी पाच वर्षं घासून तयार केलेलं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं आणि नवं आणून ते काही तासांत आवाजी मतदानाने संमत केलं. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. दंड २५० कोटींपर्यंत. संमतीची सूचना मराठीतही मिळाली पाहिजे असं कायद्यात आहे, फार छान. पण माझ्यासारख्या दुकानदाराने नेमकं काय करायचं, हे मराठीत सांगायला अजून कुणी फिरकलेलं नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार म्हणे. आमच्याकडे बाप पोराला घेऊन येतो तो बापाचा ओटीपी पोराने वाचून दाखवावा म्हणून! पोरगाच बापाच्या नावाने संमती देणार, हे मी आजच लिहून देतो.

याच कायद्याने जाताजाता माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ), म्हणजे कुणाची वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं कलम, छाटलं. त्यात एक ओळ होती: जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. ती ओळ गेली. केंद्राच्या आधी, २००२ मध्येच महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. तुम्हाला आणि मला एका पायरीवर उभं करणारी ती ओळ पुसली जाताना तुमच्यापैकी ज्यांनी ‘होय’ म्हटलं त्यांनी ती वाचली होती का?

मागण्या अशा:

एक. इंटरनेटविषयीचं कोणतंही विधेयक स्थायी समितीकडे गेल्याशिवाय त्याला ‘होय’ म्हणू नका. आणि मत दिल्यावर का दिलं, ते मराठीत एका पानावर मतदारसंघात लावा.

दोन. सिमच्या आदेशात एक सिम-दोन फोनवाल्या घरांचं काय करायचं, हे दूरसंचार मंत्र्यांना सभागृहात विचारा आणि उत्तर आम्हाला कळवा.

तीन. फसवणुकीची रक्कम गोठवायला बँकांना तासांची मुदत घाला, चूक झाल्यास भरपाईची जबाबदारीही. ज्येष्ठांची मुदतठेव मोडून अनोळखी खात्यात रक्कम जात असेल तर एक दिवस थांबवा. तालुक्याच्या ठाण्यात सायबर तक्रार घेणारा एक तरी प्रशिक्षित माणूस राज्याकडे मागा.

चार. नेटबंदीचा आणि साइटबंदीचा प्रत्येक आदेश, कारणासह, त्याच दिवशी मराठीत जाहीर व्हावा.

पाच. माहिती अधिकारातली ती ओळ परत आणा. तुमच्यापैकी मंत्री नसलेला कुणीही खासगी विधेयक मांडू शकतो.

सहा. अधिवेशन नसेल तेव्हा एखाद्या बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसा. पीए नको, फोटो नको. दुपारी ११ ते ३ गर्दी असते. बसायला दोन स्टूल आहेत, त्यातल्या एकाचा पाय हलतो, तो मी घेईन.

कळावे,

आपला एक मतदार,
बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला,
साक्री, जि. धुळे

ता. क. गुरुजींचे पैसे अजून मिळालेले नाहीत. ते आता फोन उचलत नाहीत, कुणाचाच. काम असेल तर मी सायकलने जाऊन निरोप देतो.